पाचटाची काडी आणि माळाचा वणवा

बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतात. नीरा डाव्या कालव्याखाली ऊस, तर सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडी या बाजूला गवताळ माळ. वणवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचे डोंगर येतात. परंतु डिसेंबरनंतर माळावरचे गवत वाळते, त्याच सुमारास ऊसतोड जोरात असते आणि तुटलेल्या फडात हेक्टरी ८ ते १० टन पाचट पडून राहते. एका काडीचे काम असते.

ही काडी बहुधा माणसाचीच असते. पाचट पेटविणे, बांध जाळणे, रस्त्याकडेला टाकलेले विडीचे थोटूक, किंवा उसावर लोंबणाऱ्या वीजतारांची ठिणगी. सकाळी वारा पडलेला पाहून पाचट पेटविले जाते. दुपारी वावटळ उठते आणि पेटते पान शेजारच्या फडात जाऊन पडते. तेथे उभा ऊस, ठिबकच्या नळ्या, कडब्याची गंजी, कधी गोठाही असतो. जळिताचा ऊस लवकर तोडून गाळपास गेला नाही तर वजन घटते, साखरेचा उतारा उतरतो. तोडीचा कार्यक्रम मोडतो आणि शेजाऱ्याशी वैर येते ते वेगळेच.

शिवाय पाचट जाळणाऱ्याचा स्वतःचा तरी काय फायदा? पाचटात सुमारे ०.५ टक्के नत्र व ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. हेक्टरी ४० ते ५० किलो नत्राचा बहुतेक भाग धुरावाटे निघून जातो. त्याऐवजी खोडव्यात पाचट सरीत दाबावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत आणि हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकून लगेच पाणी द्यावे. 'लगेच' हा शब्द महत्त्वाचा आहे. कोरडे पसरलेले पाचट हे जळणच होय. ओले होऊन मातीला चिकटले की धोका बराच कमी होतो.

गवत जाळले की पावसाळ्यात चारा जोमाने येतो, असे पुष्कळ मेंढपाळ व शेतकरी मानतात. काळ्या जमिनीवर कोंब उठून दिसतात, म्हणून तसे वाटते. पण कुसळीचे बी आपल्या पिळदार कुसळाने मातीत घुसते व आगीतून वाचते. त्यामुळे वारंवार जाळलेल्या माळावर कुसळी वरचढ होते आणि तिची कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत व कातडीत रुततात. जूनपर्यंत पुरणारा वाळला चारा मात्र एका दुपारी संपतो. चिंकारा, लांडगा, जमिनीवर घरटी करणारे पक्षी याच माळावर जगतात. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य, १९९७ साली जाहीर झालेले, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे आहे. एवढ्याशा क्षेत्रात आग शिरली तर प्राण्यांनी जावे कोठे?

तोडणीनंतर बांधालगत व माळाच्या कडेने किमान १० फूट पट्टा नांगरून स्वच्छ ठेवावा. वन खाते काढते त्या जाळरेषेचेच हे काम होय. वीजतारांखालचा ऊस आधी तोडून घेण्याबद्दल कारखान्याच्या शेतकी विभागाकडे आग्रह धरावा आणि सैल तारांची तक्रार महावितरणच्या १९१२ क्रमांकावर नोंदवावी. कडब्याची गंजी गोठ्यापासून व तारांपासून दूर रचावी.

आग लागल्यास १०१ किंवा ११२, आणि वनक्षेत्र असेल तर १९२६ या क्रमांकावर कळवावे. ऊस वाचविण्यासाठी पेटत्या फडात शिरू नये. वारा फिरला की बाहेर पडायला वाट मिळत नाही. जळून गेलेल्या बाजूने, वाऱ्याकडे पाठ करून, ओल्या फांद्या व मातीने कडा विझवाव्यात. अंगात सुती कपडे असावेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटते.

राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. तारांमुळे ऊस जळाला असेल तर तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा, पोलीस ठाणे व महावितरणला लेखी कळवावे आणि विद्युत निरीक्षकांच्या तपासणीसाठी अर्ज द्यावा. तपासणी होईपर्यंत तुटलेली तार व जागा जशीच्या तशी ठेवावी आणि तारेला कोणी हात लावणार नाही हे पाहावे.