वेगाचं युद्ध, भाग ४ : तोब्रुकच्या वेढ्यात काळी पाचवी

गेल्या आठवड्यात आपण फ्रान्सपाशी थांबलो होतो. १३ मे १९४० रोजी जर्मन सेनापती गुडेरियनच्या सैन्याने सेदां इथे म्यूज नदी ओलांडली आणि २० मेला त्याचे रणगाडे आबेव्हिलला, समुद्राच्या तोंडाशी पोचले. फ्रेंचांकडे रणगाडे कमी नव्हते. काहींचं चिलखत तर जर्मनांपेक्षा जाड होतं. पण ते विखुरलेले होते आणि कित्येकांत बिनतारी संच नव्हते. जर्मनांनी रणगाडे, मोटारींतलं पायदळ, तोफा आणि विमानं एकत्र आणून एकाच अरुंद जागी घाव घातला. फळी फुटली की बाजूंची ठाणी मागच्यांवर सोपवून पुढचे थेट रस्ते, कोठारं आणि मुख्यालयांवर धावत. काय साधायचं तेवढं अधिकाऱ्याला सांगितलेलं असे. कसं साधायचं ते त्याने जागेवर ठरवायचं. समोरच्या सेनापतीचा हुकूम निघेपर्यंत लढाई दुसरीकडे गेलेली असे.

हाच घाव दोन वर्षांनी आपल्या माणसांवर पडला. बेळगाव ज्यांचं केंद्र, त्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण, म्हणजे काळी पाचवी, जून १९४२ मध्ये ब्रिटिशांच्या बाजूने लिबियातल्या तोब्रुक बंदराच्या आग्नेय बाजूला ठाणी धरून होती. जर्मन सेनापती रोमेलने आधी इजिप्तकडे निघाल्याचं भासवलं आणि रातोरात तोंड फिरवलं. २० जूनला पहाटे स्टुका विमानांनी याच पट्ट्यावर बॉम्ब ओतायला सुरुवात केली. पाठोपाठ तोफा, मग जर्मन सॅपर्सनी सुरुंग काढून खंदकावर वाट केली आणि सकाळीच रणगाडे आत शिरले. संध्याकाळी ते बंदरावर होते. २१ तारखेला तोब्रुकचे सेनापती क्लॉपर यांनी शरणागती पत्करली. सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले.

आता या माणसांच्या वाट्याला काय आलं होतं ते पाहा. आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियनांनी याच तटबंदीवर रोमेलला महिनोन् महिने अडवलं होतं. नंतर इथले कितीतरी सुरुंग उपसून पश्चिमेकडच्या गझालाच्या फळीवर नेले गेले आणि रणगाडाविरोधी खंदक जागोजागी वाळूने बुजला. तटाची लांबी सुमारे ५० किलोमीटर, पण घाव पडला तो एका पलटणीच्या पट्ट्यावर. प्रतिहल्ला वेळेवर आणि एकवटून झाला नाही. म्हणून तोब्रुकचं खापर या जवानांच्या हिमतीवर कुणी फोडलं, तर मी ते ठामपणे नाकारेन. वेगाचं युद्ध सैनिकाचं धैर्य मोजतच नाही, ते वरच्यांच्या निर्णयाला लागणारा वेळ मोजतं.

या वेगाच्या युद्धाला गनिमी काव्याचा भाऊ म्हणायची आपल्याकडे हौस आहे. मला ते पटत नाही. गनिमी कावा बळकट जागा टाळून शत्रूला दमवतो. रोमेलला तर तो बळकट तटच एका दिवसात फोडायचा होता, आणि त्यासाठी त्याला पेट्रोल, विमानं, सुटे भाग यांचा अखंड पुरवठा लागत होता. तोब्रुकची कोठारं मिळाली म्हणूनच तो इजिप्तमध्ये शिरू शकला. जुलैत अल अलामीनपाशी मात्र थकलेलं सैन्य आणि लांबलेली रसद यांनी त्याचा वेग संपवला.

बेळगाव, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज इथली पोरं आजही पहाटे भरतीसाठी धावतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्याच नामदेव जाधव आणि यशवंत घाडगे यांचे व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना सांगितले जातात, ते योग्यच आहे. तोब्रुकही त्यांना सांगायला हवा. पुढच्या भागात ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी : तिथे विमानांचा आणि तोफांचा मारा जर्मनांवर होता आणि पाण्यात उतरणारी पलटण मराठ्यांची होती.