शब्दावर भिस्त ठेवणारा दिग्दर्शक : सत्यदेव दुबे

प्रायोगिक नाटक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चमत्कृतिपूर्ण नेपथ्य आणि प्रेक्षकाला बुचकळ्यात टाकणारी प्रकाशयोजना उभी राहते. महाविद्यालयीन एकांकिकेच्या तयारीतही पहिला वाद होतो तो 'सेट काय लावायचा' यावर. संवादांचे पाठांतर मागाहून, जमेल तसे! अशा वेळी सत्यदेव दुबे यांच्या कारकिर्दीकडे पाहणे उद्बोधक ठरेल. प्रयोगाचे मूळ त्यांनी नाटककाराच्या शब्दात आणि तो शब्द उच्चारणाऱ्या नटात शोधले.

दुबे यांचा जन्म १९३६ साली बिलासपूरला झाला. मुंबईला ते आले क्रिकेटपटू होण्याच्या ईर्ष्येने. रमले मात्र इब्राहिम अल्काझी यांच्या 'थिएटर युनिट'मध्ये. १९६२ मध्ये अल्काझी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची सूत्रे हाती घेण्यासाठी दिल्लीस गेले आणि संस्थेची धुरा दुबे यांच्याकडे आली. त्याच वर्षी त्यांनी धर्मवीर भारती यांचे 'अंधा युग' मुंबईत रंगमंचावर आणले. पुढे बादल सरकारांचे 'एवम् इंद्रजित', गिरीश कार्नाडांचे 'ययाति' व 'हयवदन', मोहन राकेश यांचे 'आधे अधूरे' ही नाटके त्यांनी हिंदीतून केली. बंगाली, कन्नड आणि हिंदी नाटककार असे मुंबईच्या एकाच छोट्या रंगमंचावर एकमेकांचे शेजारी झाले.

या नाटकांची भाषा पाहिली म्हणजे अभिनय-शिक्षक म्हणून दुबे यांच्यापुढे केवढे काम होते ते कळते. 'अंधा युग' मुक्तछंदात आहे. नटाने प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास घेतला तर अर्थ तुटतो आणि ओळ विसरून नुसते गद्य बोलला तर लय हरवते. 'एवम् इंद्रजित'मध्ये अमल, विमल, कमल यांचे तुटक, पुन्हा पुन्हा येणारे संवाद. तेथे वेग हाच अर्थ. 'आधे अधूरे'मध्ये घरातल्या खणखणाटाचे साधे गद्य, आणि एकाच नटाने अनेक पुरुषांच्या भूमिका करायच्या. कपडे बदलून माणूस बदलत नाही, तो बोलण्यातून बदलावा लागतो. स्पष्ट उच्चार, श्वासाची शिस्त आणि वाक्याच्या अर्थाची जाण यांवर दुबे यांच्या शिबिरांत जो भर असे, त्यामागे ही गरज होती.

त्यांच्या शिष्यांत अमरीश पुरी अग्रणी. नोकरी सांभाळून नाटक करणारे पुरी गुरूपेक्षा वयाने मोठे होते; तरीही दुबे यांना त्यांनी गुरूच मानले. चित्रपटांतून गाजलेला तो आवाज आधी रंगमंचावर घोटला गेला होता.

मराठीशी दुबे यांचे नाते निकटचे. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'वर त्यांनी १९७१ मध्ये चित्रपट केला. बेणारेबाई सुलभा देशपांडे यांनीच साकारली. दादरच्या छबिलदास शाळेतील नाट्यचळवळीतही त्यांचा वावर होता. श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर', 'निशांत' व 'जुनून' या चित्रपटांचे संवाद त्यांनी लिहिले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९७१ मध्ये, तर 'पद्मभूषण' २०११ मध्ये त्यांना मिळाले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्यांचे निधन झाले.

नाटक हे दृश्यकाव्य आहे, मग शब्दालाच एवढे महत्त्व का, असा आक्षेप कोणी घेईल. तो निराधार नाही. १९६३ मध्ये अल्काझींनी तेच 'अंधा युग' दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्याच्या भग्नावशेषांत भव्यतेने सादर केले आणि तो प्रयोगही इतिहासात नोंदला गेला. पण कोटल्याचे अवशेष कितीजणांना लाभणार? आपल्यापाशी असतो एक वर्ग, चार बाके आणि एक संहिता. एवढ्या सामग्रीवर उत्तम नाटक उभे राहू शकते, हे दुबे यांनी करून दाखवले. अट एवढीच, की नेपथ्याच्या वर्गणीची यादी करण्यापूर्वी सर्वांनी गोल करून बसावे आणि संहिता मोठ्याने, समजून वाचावी.