रंगाच्या तासाची पंचवीस वर्षं

1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. तेव्हा लागू असलेल्या 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार होते सात. जिल्ह्यातल्या धडगाव-मोलगीकडचं, सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेलं मूल त्यातल्या कशातच बसत नव्हतं. शाळेच्या लेखी ते 'नेहमी गैरहजर' एवढंच. 2016च्या कायद्याने प्रकार एकवीस केले आणि त्यात सिकलसेल आला. जिल्ह्याला पंचवीस वर्षं झाली नेमक्या त्याच तारखेला, 1 जुलै 2023ला, सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झाली.

कायदा बदलला, चित्रकलेचा तास मात्र रेंगाळलाच. 3 डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन आला की दिव्यांग मुलांची स्पर्धा होते : वेगळी रांग, वेगळं बक्षीस. कौतुक खोटं नसतं, पण बाकावरचा मित्र त्यात कुठेच नसतो. शिवाय ही ऐन थंडी. गारठा आणि अंगातलं पाणी कमी होणं, दोन्हींनी सिकलसेलच्या वेदना उसळतात. तोरणमाळच्या हवेत सकाळी मैदानात बसवणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं.

एकत्र काम करायला फारसं काही लागत नाही. जमिनीवर एकच मोठा कागद. डिंकाने दोरा चिकटवून आखलेली रेघ, म्हणजे अंध मुलाच्या बोटांना ती सापडते. बोटांची पकड नसेल तर ब्रशच्या दांड्याला चिंधी गुंडाळायची. माती कोमट पाण्यात मळायची. व्हिएन्नात कलाशिक्षक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धाआधी अंध मुलांकडून मातीची शिल्पं करून घेतली होती. डोळस मुलांतही काही जण मुळात स्पर्शानेच जग घेतात, हे त्यांचं म्हणणं मला त्या शिल्पांहून मोलाचं वाटतं. त्यात 'आपण' आणि 'ते' उरतच नाही.

सातपुड्याला हे एकत्र रंगवणं परकं नाही. काठी गावच्या होळीत बुध्या म्हणजे नाचणाऱ्यांच्या अंगावर ठिपक्यांची नक्षी असते, आणि पाठीवरचे ठिपके दुसऱ्यालाच काढावे लागतात. अर्थात होळीत सगळ्यांना जागा मिळते, असा भाबडा दावा मी करणार नाही. रात्रभर नाचणं प्रत्येकाला झेपत नाही.

आश्रमशाळेत मात्र मुलं वर्षाचा बराच काळ मुक्कामी असतात. तिथे भिंतीवरचं चित्र एका दिवसात उरकायची घाई नसते. चार दिवस दुखण्याने झोपून राहिलेली मुलगी पाचव्या दिवशी येऊन आपला अर्धा राहिलेला मोर पुढे रंगवू शकते.