मोजून पाहणारे स्वामी

महाविद्यालयाच्या मैदानावर बांबूउडीचा सराव चाललेला असतो. उडी फसली की आजचा जाणता प्रशिक्षक केवळ ‘आणखी जोर लाव’ म्हणून थांबत नाही. धाव कोठे मंदावली, बांबू केव्हा टेकला, तो किती वाकला, हे तो चित्रफितीवर पुनःपुन्हा पाहतो आणि मग दोष सांगतो. आपल्या तालमींची रीत निराळी होती. बेळगाव-निपाणीकडील कित्येक घरांतील वडीलधाऱ्यांनी तांबड्या मातीत अंग घडविले ते वस्तादांच्या शब्दावर. सांगितले तितके जोर काढावयाचे. ‘का’ म्हणून विचारावयाचे नाही. गुरूवरील निष्ठा यत्किंचितही न ढळू देता हा ‘का’ विचारणारा एक आचार्य मराठी समाजात होऊन गेला. त्यांचे नाव स्वामी कुवलयानंद.

पूर्वाश्रमीचे हे जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी, बडोदे संस्थानातील डभोई येथे. संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविणारा हा बुद्धिमान विद्यार्थी बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत रमला आणि तेथे त्याने भारतीय व्यायामाचे रीतसर शिक्षण घेतले. पुढे अमळनेर येथे अध्यापन करीत ते राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी हे योगगुरू त्यांना १९१९ च्या सुमारास लाभले.

शिष्याने गुरूकडून विद्या घ्यावी व पुढे चालवावी, ही आपली परंपरा. गुण्यांनी एक पाऊल पुढे टाकले. १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत योगक्रियांची परीक्षा आरंभिली. १९२४ साली लोणावळे येथे कैवल्यधाम आश्रम स्थापन झाला आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. आश्रमात क्ष-किरण यंत्र असावे, ही कल्पनाच त्या काळी नवलाची होती! नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखविले. बस्तिक्रियेत पाणी आपोआप वर कसे ओढले जाते, या कोड्याचा उलगडा त्यातून झाला. या अंशतः निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचेच नाव दिले. गुरुदक्षिणा याहून वेगळी ती कोणती?

परंतु त्यांची खरी कसोटी लागली ती प्राणायामाच्या बाबतीत. प्राणायामाने शरीरात नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू जातो, असे लोक मानीत, आजही मानतात. योगाची महती गाऊ पाहणाऱ्याला हा समज किती सोयीचा! स्वामींनी मात्र श्वासातील वायू मोजला आणि हा समज टिकत नाही, असे स्वतःच छापून टाकले. प्राणायामाचा लाभ त्यांनी नाकारला नाही. तो प्राणवायूच्या साठ्यात न शोधता शरीरांतर्गत दाबांतील बदलांत व मज्जासंस्थेवरील परिणामांत शोधावा, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याच पक्षाचे लाडके प्रमाण आपल्याच हाताने बाजूस सारण्यास जे धैर्य लागते, ते मल्लाच्या धैर्याहून उणे नाही.

मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. शिक्षकांना व्यायामाचे शास्त्रीय शिक्षण देणारी संस्था कांदिवली येथे १९३८ साली निघाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबईकडेच होता. त्यामुळे या प्रयत्नांच्या कक्षेत आपल्या सीमाभागातील शाळाही येत होत्या. शाळेच्या वेळापत्रकातील व्यायामाचा तास म्हणजे मुलांना मैदानावर मोकळे सोडण्याची वेळ नव्हे, ही जाण त्या पिढीने रुजविली.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजी निवर्तले. कैवल्यधामाचे कार्य आजही चालू आहे. आज योगाचा गाजावाजा सर्वत्र आहे आणि अमुक आसनाने तमुक व्याधी जाते, असे सांगणाऱ्यांस तोटा नाही. अशा वेळी आपल्या घरातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने ‘हे कशावरून?’ असे विचारले, तर त्यास उद्धट समजू नये. तो प्रश्न स्वामीजींनी आयुष्यभर विचारला होता, आणि तोही श्रद्धेने.