हातांतील यंत्राचा कायापालट

मोबाइल फोन किंवा टॅबलेट हें यंत्र आतां बहुतेक घरांत पोहोंचलें आहे. वर्षांतून एखादे वेळीं त्याच्या पडद्यावर सूचना झळकते कीं, नवी आज्ञावली तयार आहे, ती घ्यावी. रात्रीं संमति देऊन निजावें आणि सकाळीं पाहावें, तों यंत्राचा कायापालट झालेला! चिन्हांचे रंग निराळे, अक्षरांची ठेवण निराळी, आणि काल जेथें बोट ठेवल्याबरोबर काम होत असे, तेथें आज कांहींच नाहीं. घरांतील मुलें या बदलाकडे गंमत म्हणून पाहतात. वडील मंडळी मात्र गोंधळून जातात, आणि कित्येकदां ‘हें आतां आमच्यानें होणार नाहीं’ असें म्हणून यंत्र खालीं ठेवितात. असा बदल कां केला जातो, तो मनुष्यास इतका कां जाचतो, आणि त्याच्याशीं जुळवून कसें घ्यावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या यंत्राचीं दोन अंगें आहेत. एक त्याचा देह, म्हणजे कांच, धातु, विद्युत्घट व आंतील सूक्ष्म जुळणी. दुसरें अंग म्हणजे त्या देहास चालविणारी आज्ञावली. हिलाच सॉफ्टवेअर म्हणतात. ॲपल कंपनीच्या आयफोनांत आयओएस नांवाची मुख्य आज्ञावली असते. इतर बहुतेक फोनांत गूगलची अँड्रॉइड असते. शिवणयंत्राचें चाक किंवा टंकलेखनयंत्राची कळ ही खरी वस्तु होय. ती कारखान्यांत एकदां बसविली म्हणजे यंत्र मोडेपर्यंत जागची हालत नाहीं. फोनावरील बटण मात्र तसें नसतें. तें कांचेखालीं प्रकाशानें काढलेलें चित्र असतें, आणि त्या चित्रास स्पर्श झाला असतां काय करावें, हें आज्ञावली ठरविते. म्हणून आज्ञावली बदलली कीं देहास धक्का न लागतां सगळीं बटणें एका रात्रींत जागा बदलूं शकतात. हीच या यंत्राची शक्ति, आणि हाच त्याचा जाच.

याचें ठळक उदाहरण २०१३ सालीं घडलें. पहिला आयफोन २००७ च्या जून महिन्यांत विक्रीस आला, तेव्हां कांचेवर बोट फिरवून यंत्र चालविणें बहुतेकांस अपरिचित होतें. म्हणून रचनाकारांनीं पडद्यावर ओळखीच्या वस्तूंचीं चित्रें काढलीं. टिपणांच्या वहीस पिवळा रेघी कागद दिला. पुढें पुस्तकांसाठीं लाकडी फडताळ काढलें. बटणांस फुगीरपणा व छाया दिली, कीं पाहणारास तीं दाबावींशीं वाटावीं. १८ सप्टेंबर २०१३ रोजीं आयओएस ७ ही आवृत्ति बाहेर पडली. तिचें रूप जोनाथन आइव्ह या नामांकित रचनाकाराच्या देखरेखीखालीं घडलें होतें. लोक आतां कांचेस सरावले आहेत, जुन्या वस्तूंच्या आधाराची गरज उरली नाहीं, अशी त्यामागील भूमिका होती. रेघी कागद गेला, छाया गेली, बटणाभोंवतींची चौकट गेली. राहिले ते सपाट रंग व सडपातळ अक्षरें. शोध घेण्याची जागा पूर्वीं पहिल्या पानाच्या डावीकडे असे. ती आतां पडद्याच्या मध्यावरून बोट खालीं ओढल्यावर दिसूं लागली. फोन हालविला असतां चिन्हें पाण्यावर तरंगल्यासारखीं दिसत, आणि कोणतेंही काम उघडतांना तें झेप घेऊन अंगावर येत असल्याचा भास होई.

या झेपांनीं कित्येकांस भोंवळ व मळमळ होऊं लागली. ही तक्रार खोटी नव्हती. डोळे सांगतात कीं हालचाल होत आहे; कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय सांगतें कीं आपण स्वस्थ बसलों आहों; आणि या दोन साक्षींचा मेळ न बसल्यामुळें घाटांत गाडी लागावी तसें होतें. २२ ऑक्टोबर २०१३ रोजीं निघालेल्या ७.०.३ या दुरुस्तींत अशा झेपा कमी करण्याची सोय वाढविण्यांत आली. १० मार्च २०१४ च्या ७.१ या आवृत्तींत बटणांस आकार देण्याची सोय आली. कारण चौकट गेल्यापासून बटण कोणतें आणि साधा शब्द कोणता, हेंच अनेकांस कळेनासें झालें होतें. बारा वर्षांनीं तोच प्रसंग पुन्हां आला. १५ सप्टेंबर २०२५ रोजीं, अठराव्या आवृत्तीनंतर क्रमांकांत एकदम उडी घेऊन, आयओएस २६ निघाली. तिनें पडद्यास पारदर्शक कांचेचें रूप दिलें. पाठीमागील चित्र अक्षरांमधून डोकावूं लागल्यामुळें वाचणें कठीण होतें, अशी ओरड झाली. आणि ३ नोव्हेंबर २०२५ रोजीं आलेल्या २६.१ मध्यें त्या कांचेची पारदर्शकता कमी करण्याचा पर्याय देण्यांत आला. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. तक्रार करणारा मनुष्य अडाणी नसतो, आणि पहिलें रूप हें अखेरचें नसतें.

आतां मनुष्य कां अडखळतो तें पाहूं. स्वयंपाकघरांत आजीबाई अंधारांतही फडताळांतील मिठाचा डबा अचूक काढितात. त्या डबा शोधीत नाहींत. त्यांचा हातच तेथें जातो. एखाद्या हौशी पाहुण्यानें सगळे डबे घासूनपुसून निराळ्या क्रमानें मांडले, तर फडताळ सुंदर दिसेल खरें. पण पुढले आठ दिवस आमटींत मिठाऐवजीं साखर पडेल! हाताची स्मृति आणि मनाची स्मृति या दोन वेगळ्या आहेत, हें शास्त्रानेंही दाखविलें आहे. हेन्री मोलेसन या अमेरिकन गृहस्थांवर १९५३ सालीं मेंदूची शस्त्रक्रिया झाली, आणि तेव्हांपासून त्यांस नवी घटना लक्षांत ठेवितां येईना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ विदुषींनीं त्यांस आरशांत पाहून चांदणीची आकृति गिरविण्यास सांगितलें. तीन दिवसांत त्यांचा हात चांगला सुधारला. परंतु आपण हें पूर्वीं केलें आहे याची त्यांस दर वेळीं आठवणही नसे. तात्पर्य, हात शिकतो तो सरावानें, उपदेशानें नव्हे. म्हणून वडील माणसांस नवी जागा एकदां सांगून साधली नाहीं, तर तो त्यांच्या बुद्धीचा दोष मानूं नये. जुना सराव पक्का होता, एवढाच त्याचा अर्थ.

‘असें आहे तर नवी आज्ञावली घेऊंच नये,’ असें कोणी म्हणेल. येथें मात्र सावध असावें. डोळ्यांस दिसतें तें केवळ वरचें रूप. आंत, दृष्टीआड, अनेक छिद्रें बुजविलेलीं असतात. फोन आणि एखादी बँक यांचें गुप्त संभाषण सुरू होण्यापूर्वीं, समोरची खरोखर तीच बँक आहे कीं नाहीं, याची खूण पटविली जाते. आयओएसमधील या तपासणीच्या मजकुरांत ‘येथून थेट शेवटीं जा’ अशा अर्थाची एक ओळ चुकून दोनदां पडली होती. त्या दुसऱ्या ओळीमुळें पुढील तपासणी न होतांच पाहुण्यास घरांत घेतलें जाई. अर्थात् त्याच जाळ्यावर टपून बसलेला लबाड बँकेचें सोंग घेऊं शके. २१ फेब्रुवारी २०१४ रोजीं निघालेल्या ७.०.६ या आवृत्तीनें हा दोष दूर केला. ज्या कांहीं जुन्या यंत्रांस आयओएस ७ पेलतच नव्हती, त्यांच्यासाठीं ६.१.६ ही वेगळी दुरुस्ती निघाली. परंतु ज्यांचें यंत्र समर्थ होतें आणि ज्यांनीं केवळ नवें रूप नको म्हणून जुनी आवृत्ति ठेविली होती, त्यांस ही दुरुस्ती हवी असल्यास नवें रूपही पत्करणें भाग पडलें. अँड्रॉइडचीही गोष्ट निराळी नाहीं. २०१५ च्या जुलै महिन्यांत ‘स्टेजफ्राइट’ या नांवाचे दोष उघडकीस आले. मुद्दाम घडविलेली चित्रफीत संदेशांतून पाठवून परक्यास फोनांत शिरतां येत असे. त्यानंतर ऑगस्टपासून गूगलनें आपल्या नेक्सस फोनांसाठीं दरमहा सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याचा परिपाठ सुरू केला. म्हणून रूप आवडो वा न आवडो, रक्षण सोडून चालत नाहीं.

जुळवून घेण्याचे उपाय साधे आहेत. सुरक्षेची लहान दुरुस्ती लांबणीवर टाकूं नये. संपूर्ण रूप बदलणारी मोठी आवृत्ति मात्र निघाल्या दिवशींच घेण्याची घाई नको. तिच्यांतील पहिल्या उणीवा कांहीं आठवड्यांत बहुधा दुरुस्त होतात. परीक्षा, प्रवास किंवा घरांत आजारपण असेल त्या दिवसांत ती टाळावी. आधीं छायाचित्रें व पत्ते यांची प्रत दुसरीकडे ठेवावी, यंत्रांत जागा मोकळी करावी आणि तें विजेस जोडावें. बदलानंतर एक-दोन दिवस फोन तापणें किंवा लवकर उतरणें हें बहुधा स्वाभाविक असतें, कारण यंत्र आंतल्या आंत छायाचित्रादिकांची सूची नव्यानें लावीत असतें. मग सेटिंग्ज उघडून प्रथम अक्षर मोठें करावें. ॲक्सेसिबिलिटी या सदरांत हालचाल कमी करणें, पारदर्शकता कमी करणें, रंगांतील भेद ठळक करणें अशा सोयी असतात. त्या एकेक करून पाहाव्या. नवी आज्ञावली सेटिंग्जमधूनच घ्यावी. ‘आपला फोन अद्ययावत करण्यासाठीं येथें दाबा’ असा संदेश परक्याकडून आला, तर त्यास मुळींच हात लावूं नये.

विद्यार्थिमित्रहो, शेवटचें सांगणें तुम्हांस आहे. नवें रूप तुम्हीं अर्ध्या तासांत आत्मसात् कराल. परंतु ज्या आजोबांस निवृत्तिवेतन जमा झाल्याची वार्ता या यंत्रावर मिळते, ज्या आजी परगांवच्या लेकीचें मुख यावरच पाहतात, त्यांनीं कंटाळून यंत्र खालीं ठेविलें तर त्यांचा स्वतंत्र व्यवहारच खुंटतो. प्रत्येक लहान कामासाठीं त्यांस दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागतें. अशा वेळीं ‘आणा इकडे, मी करून देतों’ असें म्हणून फोन त्यांच्या हातांतून घेऊं नका. त्यानें काम होतें, पण हात शिकत नाहीं. त्यांच्या नित्याचीं तीनच कामें निवडा. फोन लावणें, आलेला संदेश वाचणें आणि छायाचित्र उघडणें. तीं त्यांच्याच बोटानें, रोज थोडीं थोडीं करून घ्या. चिन्हें शक्य तितकीं पूर्वींच्या जागीं मांडून द्या, आणि पायऱ्या एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. तुमच्या पहिल्या अक्षराच्या वेळीं याच वडील मंडळींनीं तुमचा हात हातांत धरून तें शंभर वेळां गिरवून घेतलें होतें. तेवढा धीर आतां आपणही धरावा, इतकीच आमची विनंति आहे.