खरकट्यातून गॅस : हॉटेलवाल्यांनी मांडून पाहावा असा हिशोब

बीड जिल्ह्यात गोबर गॅसचे नाव काढले की पुष्कळांना गोठ्यामागची गंजलेली लोखंडी टाकी आठवते. ‘आमच्याकडे हे चालत नाही’ म्हणून विषय तिथेच संपतो. दोष मात्र गॅसचा नाही, हिशोबाचा आहे. एक घनमीटर गॅससाठी रोज सुमारे २५ किलो ताजे शेण आणि तेवढेच पाणी लागते. आपल्याकडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात. बैलगाडीवाल्यांचे बैलही बरोबर जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. दुष्काळ पडला तर २०१९ सारखी जनावरे चारा छावणीत. शेणच घरी नाही, तर टाकी काय करील?

पण गॅस शेणातूनच निघतो असे थोडेच आहे! हवा न लागता कुजणारा जवळपास कोणताही ओला जैव पदार्थ तो देतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस काढून वापरला गेला होता. पुढे जशभाई पटेल यांनी शेणाची तरंगती टाकी बसवली, खादी ग्रामोद्योग आयोगाने ती देशभर नेली आणि ‘गोबर’ हे नाव चिकटले. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकटे, खराब पीठ, सडकी फळे यांवर चालणारी प्लास्टिकची छोटी टाकी तयार केली. त्या कामाला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यामागचा विचार सरळ आहे. शेण म्हणजे जनावराने एकदा पचवलेला चारा. त्यातला बराच कस आधीच गेलेला. भात, रोटी, बटाटा यांत तो शाबूत असतो.

आता आपल्या धंद्याचे पाहू. हॉटेलात किंवा शादीखान्यात रोज २० किलो खरकटे निघत असेल, तर ढोबळमानाने दोन घनमीटर गॅस मिळतो. म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम सिलिंडरचा गॅस. १९ किलोचे एक सिलिंडर साधारण तीन आठवड्यांत वाचते. यासाठी तीन-चार हजार लिटरची टाकी धरावी. जागा वाचवायला टाकी लहान घेतली तर माल आंबतो. पाण्याची अडचण आहेच, पण बाहेर पडणारे पातळ पाणी पुढच्या मालात कालवण्यास पुन्हा वापरता येते.

सुरुवातीला विरजण म्हणून शेणाचा काला टाकीत भरावा. पहिला गॅस पेटत नाही, त्याने घाबरू नये; दोन-तीन आठवडे थांबावे. पेटू लागला की खरकटे बारीक करून थोडे थोडे वाढवत न्यावे. इथेच बहुतेक जण चुकतात. एका दावतीची उरलेली सारी बिर्याणी एकदम टाकली की टाकी आंबट होते आणि गॅस बंद पडतो. मग काही दिवस माल थांबवून चुन्याची निवळी घालावी लागते. हाडे, कांद्याची साले, चहाचा चोथा शक्यतो टाकू नये. तेल-चरबी अगदी बेताने. उलट कसाईखान्यात बकऱ्याच्या ओझडीतून निघणारा अर्धवट पचलेला चारा उत्तम विरजण आहे. बकरी ईदला तो नालीत जातो, नाली तुंबते आणि नगरपालिकेशी वाद होतो.

आपल्या वेल्डर आणि गवंडी बांधवांनाही यात काम आहे. लोखंडी टाकीला दरवर्षी रंग लागतो, नाहीतर ती गंजते. सिलिंडरची शेगडी या गॅसवर जशीच्या तशी चालत नाही, तिचे छिद्र मोठे करावे लागते. १९८४ साली निघालेल्या ‘दीनबंधू’ नमुन्याचा घुमट विटा-सिमेंटचा असतो. त्यात लोखंडी टाकी नाही, पण गिलावा कच्चा राहिला तर गॅस झिरपतो. तेव्हा गवंडी शिकलेलाच हवा. पाइपला उतार द्यावा, आत पाणी साचते. सांधे साबणाच्या फेसाने तपासावे, काडी पेटवून नव्हे. आणि गाळ काढण्यासाठी टाकीत माणूस उतरवू नये. आतल्या हवेत प्राणवायू नसतो, उतरलेला माणूस आवाज न करता कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही.