एक सत्र, चोवीस तुकडे आणि इरावतीबाई



गेल्या गणपतीत आरतीच्या वेळी शेवटच्या रांगेत एक नवी मुलगी उभी होती, हे काहींना आठवत असेल. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून ती एका सत्रासाठी वोल्फ्सबुर्गला आली होती. मोदक वाढताना तिने मला हळूच विचारले, "ताई, इथे रविवारी दूध कुठे मिळतं?" सहसा मिळत नाही, शनिवारीच आणून ठेवावे लागते, असे सांगितले आणि शनिवारी तिला घरी बोलावले. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक रविवारी ती आमच्याकडे जेवायला असे. फेब्रुवारीअखेर ती परत गेली. तिची परवानगी घेऊन, पण नाव न घालता, हा लेख लिहिते आहे.

२००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाल्यापासून पुणे आणि वोल्फ्सबुर्ग हे अंतर आपल्या घरांमध्ये तरी कमी झाले आहे. पण नोकरीवर येणे वेगळे आणि विसाव्या वर्षी एकटे शिकायला येणे वेगळे. पहिल्या महिन्यात तिला बरेच धक्के बसले. वेळापत्रकात दहा लिहिलेला तास काही ठिकाणी सव्वादहाला सुरू होतो. विद्यापीठातला हा पाव तास जुन्या रिवाजाचा आहे. व्याख्यान संपले की मुले टाळ्या न वाजवता बाकावर बोटांनी ठकठक करतात. परीक्षेला बसायचे तर मुदतीत वेगळी नोंदणी करावी लागते, वर्गात बसलो म्हणजे परीक्षेला बसलो असे होत नाही. आणि गुण उलटे. १.० म्हणजे उत्तम, ४.० म्हणजे कसाबसा पास, ५.० म्हणजे नापास. पहिल्या छोट्या चाचणीत तिला १.३ मिळाले, तेव्हा पुण्याहून आजोबांनी काळजीने विचारले, "कितीपैकी?"

तिच्या सत्राचा मुख्य भाग होता एक प्रकल्प. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दोन नळ्यांच्या गोंदाने जोडायच्या (आपल्याकडे अराल्डाइट मिळते, त्याच जातीचा), त्या गरम पाण्यात ठेवायच्या आणि मग यंत्रावर ओढून किती जोराने तुटतात ते मोजायचे. असे चोवीस तुकडे होते, चार-चारांचे सहा गट. एक गट कोरडा आणि बाकीचे एक दिवसापासून चार आठवड्यांपर्यंत पाण्यात. पाण्याने जोड कमजोर होतो, त्यामुळे आलेख पहिल्यापासून खाली जायला हवा. तसा तो गेलाही, पण एक दिवस पाण्यात राहिलेले चारही तुकडे कोरड्या तुकड्यांपेक्षा मजबूत निघाले.

डिसेंबरातल्या एका रविवारी वरणभात कालवता कालवता ती म्हणाली, "ताई, तो एक गट काढून टाकू का? नमुना खराब म्हणून लिहिलं की झालं. सगळे तसंच करतात म्हणे." दोन दिवसांनी तिच्या आईचाही फोन आला. "अहो, तुम्ही तिला समजवा ना. इथलं कॉलेज ते गुण धरणार आहे. सहा महिन्यांसाठी घरातली एफडी मोडलीय आम्ही." आईचे काही चूक नव्हते. त्या घराने किती ओढाताण करून मुलीला पाठवले होते, ते मला माहीत होते.

मी स्वतः रसायनशास्त्रातली. कारणाचा अंदाज मला आला होता, पण तो तिला सांगितला नाही. सांगितला असता तर अहवाल माझा झाला असता. त्याऐवजी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली माझी स्वतःची. पीएचडी करताना मी एकदा आलेखातला एक बिंदू "हात हलला असेल" म्हणून सोडून दिला होता. तो बिंदूच बरोबर होता आणि बाकीच्यांचा अर्थ मी चुकीचा लावला होता. ते कळेपर्यंत सहा महिने गेले होते.

दुसरी गोष्ट इरावती कर्व्यांची. आपल्याला त्या "युगान्त"मुळे माहीत असतात. त्या पुस्तकाला १९६८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. पण १९२८ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्या बर्लिनला शिकायला आल्या होत्या, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांचे यजमान दिनकर धोंडो कर्वे हे फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवीत. ते स्वतः जर्मनीत शिकून आले होते आणि बायकोनेही जावे असा आग्रह त्यांचाच होता. विरोध होता तो सासऱ्यांचा, म्हणजे ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचले त्या महर्षी कर्व्यांचा! डॉ. जीवराज मेहतांकडून कर्ज काढून इरावतीबाई बोटीने आल्या.

बर्लिनच्या डाह्लेम भागात १९२७ साली मानववंशशास्त्राची एक संस्था निघाली होती. ऑयगेन फिशर हे तिचे प्रमुख आणि तेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक. युरोपीय माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, उजवीकडे मेंदूला जास्त जागा असते आणि म्हणून तो अधिक बुद्धिमान, असा त्यांचा कयास होता. तो तपासायचे काम या पुण्याच्या मुलीकडे आले. संस्थेतल्या कवट्यांमध्ये वसाहतींतून गोळा करून आणलेल्याही होत्या. इरावतीबाईंनी एकशे एकोणपन्नास कवट्या मोजल्या. कवटी थोडी असमान असते हे खरे निघाले, पण त्याचा वंशाशी काही संबंध दिसेना. त्यांनी प्रबंधात तसेच लिहिले. गुरूंनी त्यांना पास होण्यापुरती सर्वांत खालची श्रेणी दिली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तोवर इरावतीबाई डॉक्टरेट घेऊन मायदेशी परतल्या होत्या. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी जे काम केले, त्यात ती खालची श्रेणी कुठे आड आली नाही.

कुठे त्या कवट्या आणि कुठे आमचे गोंदाचे तुकडे, हे मला कळते. इरावतीबाईंनी मापे बदलली असती तर एका घातक विचाराला टेकू मिळाला असता. आमच्या मुलीने बदलली असती तर जगाचे काही बिघडले नसते. पण गुण देणारा समोर बसलेला असतो आणि त्याला काय हवे आहे हे आपल्याला माहीत असते, हा पेच दोन्हीकडे सारखाच आहे. मी तिला एवढेच म्हटले, "ठरव तू. मी आईला काही सांगणार नाही."

तिने चोवीसही आकडे ठेवले. खाली लिहिले की पहिल्या दिवसाचे कारण मला सांगता येत नाही, पण खोलीच्या तापमानाला गोंद पुरता घट्ट झाला नसावा आणि गरम पाण्यात त्याचे घट्ट होणे पुढे चालू राहिले असावे. माझाही अंदाज हाच होता. असे गोंद उबेत आणखी पक्के होतात. पाण्याचा वाईट परिणाम त्यानंतर वरचढ ठरतो. प्राध्यापकांनी अर्धा तास त्या एकाच गटावर प्रश्न विचारले. कोरडा गट आधी नीट तापवून घ्यायला हवा होता, ही तिची चूक दाखवली आणि गुण दिले २.३. चांगले म्हणावेत, पण पहिल्या नंबराचे नव्हेत. आईला थोडे वाईट वाटले. निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना ती मला म्हणाली, "ताई, पुण्याला गेले की तो गट पुन्हा करून बघणार आहे, आधी तापवून." कॉलेजने यंत्र वापरू दिले आहे, असा परवा तिचा फोन होता.

मंडळी, दर सत्राला अशी दोन-चार मुले आपल्या गावात येतात. आपण त्यांना कुकर देतो, पोहे देतो, रहिवासी नोंदणीला सोबत जातो. हे सगळे हवेच. पण एखाद्या रविवारी त्यांच्या अभ्यासाचे काय चालले आहे तेही विचारूया. आपल्यात इंजिनिअर आहेत, डॉक्टर आहेत, हिशेबनीस आहेत. उत्तर द्यायलाच हवे असे नाही. ऐकून घेतले तरी पुष्कळ होते.

एक सूचना करते. वोल्फ्सबुर्गहून बर्लिन आयसीईने तासाभराच्या अंतरावर आहे. डाह्लेमच्या इनेश्ट्रासे २२ या पत्त्यावर त्या संस्थेची इमारत अजून उभी आहे. आज तिथे फ्राय विद्यापीठ आहे आणि दारावर त्या इतिहासाची पाटी आहे. २०१४ साली जवळच खोदकामात माणसांची हाडे सापडली. मार्च २०२३ मध्ये त्यांना डाह्लेमच्या दफनभूमीत सन्मानाने मूठमाती देण्यात आली. वसंतात एका शनिवारी मुलांना घेऊन आपण तिथे जाऊया. डबे प्रत्येकाने आपापले आणावेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी पाडव्याच्या कार्यक्रमात माझ्याकडे नावे द्यावीत. या सत्राला आलेल्या मुलांचे तिकीट मंडळाने काढावे, असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे.

आपली,
मंडळाची एक कार्यकर्ती